बोलायचं तर आम्ही बोलू: प्रशिक्षकावरची टीका आणि मराठवाड्यातला फुटबॉलवेडा

शनिवारी रात्री इंग्लंडची मँचेस्टर युनायटेड हरली, की परभणीतला किंवा लातूरमधला त्यांचा चाहता आधी आपल्याच प्रशिक्षकाची सालटी काढतो. बदली खेळाडू उशिरा आणला, मधली फळी उघडी टाकली, कोणत्या मुहूर्तावर ह्या माणसाला नेमला होता कोण जाणे. रविवारी सकाळी युनायटेडचाच जुना खेळाडू गॅरी नेव्हिल टीव्हीवर जवळपास हेच मुद्दे मांडतो आणि हाच चाहता त्याच्यावर धावून जातो: तू व्हॅलेन्सियात काय दिवे लावले होते रे? (प्रश्न गैरलागू नाही. डिसेंबर २०१५ मध्ये नेव्हिल स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबचा प्रशिक्षक झाला, फेब्रुवारीत बार्सिलोनाकडून सात गोल खाल्ले आणि मार्च संपायच्या आत नारळ मिळाला.)

महाभारतात दुर्योधनाला गंधर्वांनी बांधून नेल्यावर युधिष्ठिर भावांना सांगतो की आपसात ते शंभर आणि आपण पाच, पण परका आला की आपण एकशे पाच. फुटबॉलच्या चाहत्यांचं गणित तेच आहे. मात्र ह्या वृत्तीला नुसता भावनिक आवेश म्हणून सोडून देता येत नाही. तिला इतिहास आहे, आणि मराठवाड्यापुरतं बोलायचं तर तो बराचसा एका साध्या गोष्टीवर फिरतो: सामना कोणाला दिसत होता आणि कोणाला फक्त वाचायला मिळत होता. पत्रकाराला दिसलेला खेळ चाहत्यालाही दिसू लागला, त्या दिवसापासून भांडण सुरू झालं. त्याआधी भांडायला हातात काहीच नव्हतं.

भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचा प्रशिक्षक ज्या राज्याचा होता, त्याच राज्यात तेव्हा मराठवाडा होता, हे आज फारसं कोणी सांगत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे पुढची आठ वर्षं हैदराबाद राज्यातच राहिले. मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ ला. तोवर पदवीच्या कागदावर शिक्का उस्मानियाचा. मनमाडहून निघालेली मीटरगेज गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत काचीगुड्याला पोचायची. त्या काचीगुड्याच्या शाळेत एकेकाळी शिकवणारे, उस्मानियात शिकलेले एक मास्तर १९५० मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. सय्यद अब्दुल रहीम त्यांचं नाव.

रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप उचलला. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलवर इराणला हरवून भारतानं सुवर्ण घेतलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं. ह्या पराभवानंतर बोट ठेवलं गेलं ते पायांवर. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. आता विचार करा, जालन्यात किंवा सेलूत ही बातमी वाचणाऱ्या माणसाकडे काय होतं? एक आकडा, दहा-एक. चाली चुकल्या, थंडी नडली, की समोरचा संघच तेवढा मोठा होता (युगोस्लाव्हिया त्या स्पर्धेत अंतिम फेरीत गेला), हे ठरवायला त्याच्याकडे डोळेच नव्हते. छापून आलं तेच खरं. प्रशिक्षकाला दोष द्यायचा तर तो वर्तमानपत्रानं, क्षमा करायची तर तीही त्यानंच.

रहीमसाहेब त्यातून शिकले. आघाडीच्या मधल्या खेळाडूला मागे ओढून प्रतिस्पर्ध्याचा बचाव विस्कटायचा, ही चाल त्यांनी त्या सुमारास संघात मुरवायला घेतली. हंगेरीनं तीच गोष्ट १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ हरवून जगाला दाखवली, आणि जगानं अर्थातच हंगेरीकडूनच ती शिकली.

मग येतं १९५६. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबईत गेला. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. नेव्हिल डिसोझाचे तीन गोल. भारत उपांत्य फेरीत गेला आणि चौथा आला. त्या संघात हैदराबादचे अनेक खेळाडू होते. महिनाभर आधी हा सामना झाला असता तर मराठवाड्यानं तो आपल्या राज्याचा विजय म्हणून वाचला असता. सहा वर्षांनी, ४ सप्टेंबर १९६२ ला, जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून रहीमसाहेबांनी दुसरं आशियाई सुवर्ण आणलं. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंगचे. जर्नेल मुळात बचावपटू. डोक्याला टाके पडलेले असताना त्याला पुढं खेळवण्याचा निर्णय प्रशिक्षकाचा. हा डाव फसला असता तर दुसऱ्या दिवशी काय छापून आलं असतं, ते सांगायला नको. प्रशिक्षक स्वतः तेव्हा कर्करोगानं पोखरले होते. ११ जून १९६३ ला ते गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेलं नाही.

२०२४ मध्ये रहीमसाहेबांवर मोठा हिंदी सिनेमा आला, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक तरुण चाहत्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्या सिनेमात प्रशिक्षकाच्या वाटेत काटे पेरणारा म्हणून एक क्रीडापत्रकार उभा केला आहे. मला हे फार बोलकं वाटतं. खलनायक हवाच होता, तर युगोस्लाव्हिया, आजार, फुटबॉल महासंघ असे पर्याय होते. निवडला गेला तो वार्ताहर. प्रेक्षकाला कोणाविरुद्ध उभं करणं सगळ्यात सोपं आहे, हे सिनेमावाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

१९५६ नंतर मराठवाड्याची फुटबॉलशी असलेली ही ओळख पातळ होत गेली. महाराष्ट्रात आल्यावर फुटबॉलची दोन घरं दिसली, मुंबईचं कूपरेज मैदान आणि कोल्हापूर. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ. पाटाकडील तालीम हरली तर तिथला माणूस पेपरात काय येतं याची वाट पाहत नाही, तो स्वतः शाहू स्टेडियमवर बसलेला असतो आणि प्रशिक्षक त्याच्या गल्लीतच राहत असतो. मराठवाड्याला असं स्वतःचं काही जमलं नाही. औरंगाबादेत आमखास मैदानावर, छावणीत खेळ चालू राहिला, पोरं खेळत राहिली; पण गावानं जीव टाकावा असा संघ उभा राहिला नाही. नांदेडला हॉकीचं वेड, बाकी सगळीकडं कबड्डी आणि क्रिकेट. त्यामुळं इथला फुटबॉलवेडा हा पहिल्यापासून परक्या संघाचा चाहता. ज्या मैदानात तो कधी जाणार नाही त्या मैदानासाठी तो जागतो. स्टेडियममध्ये ओरडायची सोय नसलेल्या माणसाला हजेरी लावायची ती वाद घालूनच, आणि त्याच्या आवाजाला इतकी धार का, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

दुसरं निम्मं परदेशातून आलं.

१९८२ च्या विश्वचषकात इटलीचे प्रशिक्षक होते एन्झो बेअरझोट. सट्टा प्रकरणात दोन वर्षं बंदी भोगून आलेल्या पाओलो रॉसीला त्यांनी संघात घेतलं म्हणून इटलीच्या वर्तमानपत्रांनी त्यांना फाडून खाल्लं. पहिले तिन्ही सामने बरोबरीत, पोलंड, पेरू आणि कॅमेरूनशी. रॉसीचा एकही गोल नाही. संघानं मग पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. कर्णधार दिनो झोफ तेवढा, आणि तो मुळातच अबोल माणूस. पुढं इटलीनं अर्जेंटिना, ब्राझील, पोलंड आणि पश्चिम जर्मनी असे ओळीनं चार गडी मारले, रॉसीनं सहा गोल केले आणि विश्वचषक इटलीचा झाला. संघ एकीकडं आणि पत्रकार दुसरीकडं, आणि शेवटी संघ खरा ठरतो, ही गोष्ट जगभरच्या चाहत्यांच्या मनात तेव्हा घट्ट बसली. तिचा आधार घेऊन नंतर कितीतरी सुमार प्रशिक्षकांचा बचाव झाला, ते सोडा.

मराठवाड्यात मात्र डोळे उघडले ते १९८६ ला. मेक्सिकोतली भर दुपार म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. दूरदर्शनवर मॅराडोना दिसला आणि एका पिढीचं अर्जेंटिनाशी लग्न लागलं. त्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत होतं की अर्जेंटिनाचे प्रशिक्षक कार्लोस बिलार्दो त्या स्पर्धेला निघाले तेव्हा मायदेशी त्यांच्या नावानं शिमगा चालू होता. १९७८ चा विश्वचषक जिंकून देणारे मेनोत्ती देखण्या, मोकळ्या खेळाचे. बिलार्दो निकालाचे, तीन बचावपटू आणि पाच मधले अशी रचना करणारे. तिथल्या पत्रकारितेत ह्या दोघांवरून उभी फूट होती, बिलार्दोंना काढावं म्हणून सरकारी पातळीवरही हालचाल झाली होती. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-२ हरवल्यावर मेक्सिकोत एक फलक झळकला: माफ करा बिलार्दो. म्हणजे तिथल्या चाहत्यानं आधी पेपराची री ओढली होती आणि मग जाहीर माफी मागितली. आपल्या चाहत्यावर ही वेळ आली नाही, कारण त्याला ती टीका पोचलीच नव्हती. त्यानं सरळ खेळ पाहिला आणि ठरवलं. पूर्वग्रह नसण्याचं भाग्य त्याला अज्ञानामुळं मिळालं, पण मिळालं.

त्याच मॅराडोनाला पुढं प्रशिक्षक म्हणून पाहायची वेळ आली तेव्हा हे भाग्य संपलेलं होतं. २००९ मध्ये बोलिव्हियानं अर्जेंटिनाला ६-१ हरवलं, पत्रकारांनी त्याला सोलून काढलं, आणि ऑक्टोबरमध्ये उरुग्वेला हरवून विश्वचषकाचं तिकीट काढल्यावर त्यानं पत्रकार परिषदेत असे शब्द वापरले की फिफानं दोन महिन्यांची बंदी आणि पंचवीस हजार स्विस फ्रँकचा दंड ठोठावला. इथल्या ८६ च्या पिढीला ते शब्द खटकले नाहीत. उलट बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी विश्वचषकात जर्मनीनं चार गोल केले तेव्हाही दोष मॅराडोनाला द्यायला ही माणसं तयार नव्हती. खरं तर त्या संघाच्या मधल्या फळीत भोक होतं आणि ते कोणालाही दिसत होतं. पत्रकार त्या वेळी बरोबर होते.

२०१८ मध्ये लिओनेल स्कालोनी नावाच्या, मोठ्या संघाचा अनुभव नसलेल्या माणसाला अर्जेंटिनानं नेमलं, तेव्हा टीका करणाऱ्यांत स्वतः मॅराडोना आघाडीवर होता. ह्याला रहदारीही हाकता येणार नाही, असं तो म्हणाला होता. स्कालोनीनं २०२१ ला दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका स्पर्धा आणि २०२२ ला विश्वचषक जिंकला. नांदेडच्या वजिराबादेत किंवा संभाजीनगरच्या टीव्ही सेंटरला अर्जेंटिनाचा निळा-पांढरा सदरा घालून फिरणाऱ्या पोराला विचारा, तो मॅराडोनाही मानतो आणि स्कालोनीही, आणि ह्यात त्याला काही अडचण वाटत नाही.

क्लबांचं वेड आलं नव्वदीच्या दशकात, केबलवाल्याच्या वायरीवरून. ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्सनं इंग्लंडची प्रीमियर लीग घराघरात आणली. इथं एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला होणारे सामने टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. लोकांनी मैदानात जावं म्हणून साठच्या दशकापासून चालत आलेला हा नियम. तेच सामने भारतात हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळी वेळेत साडेसातला थेट दिसतात. म्हणजे मँचेस्टरमधल्या ज्या माणसाला तिकीट मिळालं नाही तो रेडिओ ऐकत बसलेला, आणि हिंगोलीतला माणूस जेवणाचं ताट घेऊन तोच सामना बघतोय. अर्थात महावितरणची कृपा असेल तर. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत पूर्वार्ध टीव्हीवर आणि उत्तरार्ध सोमवारच्या पेपरात असं कितीकदा व्हायचं. अर्धं स्वतः पाहिलेलं आणि अर्धं दुसऱ्यानं सांगितलेलं, त्यामुळं सांगणाऱ्यावर संशय धरायची सवय तिथंच लागली असावी.

ज्या इंग्लंडचा खेळ आपण घेतला, त्यांच्या वर्तमानपत्रांची रीतही त्यासोबत आली. प्रशिक्षकाची टिंगल हा तिथल्या टॅब्लॉइड पेपरांचा जुना धंदा. १९९२ च्या युरो स्पर्धेत इंग्लंड स्वीडनकडून २-१ हरल्यावर ‘द सन’नं इंग्लंडचे प्रशिक्षक ग्रॅहम टेलर यांचा चेहरा सलगमावर चिकटवून छापला. टेलर म्हणजे वॉटफर्डसारख्या लहान क्लबला चौथ्या श्रेणीतून उचलून १९८३ मध्ये पहिल्या श्रेणीत दुसऱ्या स्थानावर नेणारे प्रशिक्षक. देशभर लोक त्या चित्रावर हसले. वॉटफर्डचे हसले नसणार. त्यांनी पुढं आपल्या स्टेडियमच्या एका स्टँडला टेलर यांचं नाव दिलं. चाहता आणि पत्रकार यांच्यातली फट इथं स्पष्ट दिसते. पत्रकार शेवटच्या निकालाचा हिशेब मांडतो, चाहता सगळ्या वर्षांचा.

अर्थात चाहताही चुकतो. डिसेंबर १९८९ मध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसनसाठी फलक लागला होता की तीन वर्षं झाली सबबी ऐकतोय, आता राम राम. पेपरांचंही तेच म्हणणं होतं. ७ जानेवारी १९९० ला नॉटिंगहॅममध्ये मार्क रॉबिन्सच्या एका गोलवर युनायटेड एफए कप ह्या बाद फेरीच्या स्पर्धेत टिकली, मे महिन्यात तो कप जिंकली, आणि फर्ग्युसन २०१३ पर्यंत राहून तेरा लीग आणि एकूण अडतीस करंडक ठेवून गेले. मराठवाड्यातल्या युनायटेडवाल्यांचा हा हुकमी एक्का. फर्ग्युसननंतर मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम आले. प्रत्येकाच्या वाईट दिवसांत कोणीतरी १९८९ चा तो फलक काढून दाखवतो आणि म्हणतो, तेव्हा काढला असता तर? ह्या युक्तिवादात एक खोट आहे. ज्यांना काढलं आणि जे खरोखरच काढण्याच्या लायकीचे होते, त्यांचे फलक कोणी जपून ठेवत नाही.

मोरिन्योचा प्रसंग मात्र वेगळा. २७ ऑगस्ट २०१८ ला टॉटनहॅमनं ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३-० हरवलं. कित्येक दिवस पेपरांत त्याच्या गच्छंतीच्या तारखा छापून येत होत्या. सामना संपल्यावर मागं थांबलेल्या चाहत्यांनी त्याला टाळ्या दिल्या. मग पत्रकार परिषदेत त्यानं तीन बोटं दाखवली: तीन गोलही, आणि प्रीमियर लीगची तीन विजेतेपदंही, जी बाकीच्या एकोणीस प्रशिक्षकांच्या एकत्रित विजेतेपदांपेक्षा जास्त होती. ‘आदर’ हा शब्द तीनदा उच्चारत तो उठून गेला. टाळ्या देणाऱ्यांना त्याचा खेळ आवडत होता असं नाही. चार महिन्यांत, १८ डिसेंबरला, त्याला काढलं तेव्हा फारसं कोणी रडलं नाही. आपलं माणूस काढायचं तर आम्ही काढू, तुमच्या मथळ्यावर नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

लंडनच्या आर्सेनल क्लबच्या वाट्याला ह्याहून अवघड गोष्ट आली, आणि मराठवाड्यात आर्सेनलवाले कमी नाहीत, विशेषतः ज्यांनी २००३-०४ चा एकही सामना न हरलेला हंगाम शाळेत असताना पाहिला. आर्सेन वेंगर १९९६ मध्ये जपानहून प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा लंडनच्या पेपरानं मथळा दिला होता: आर्सेन कोण? आठ वर्षांत त्यांनी तीन लीग जिंकल्या. नंतर नवं स्टेडियम, त्याचं कर्ज, विकावे लागलेले खेळाडू, आणि २००५ ते २०१४ एकही मोठा करंडक नाही. ऑगस्ट २०११ मध्ये युनायटेडकडून ८-२. अशा वेळी, २०१२ मध्ये, आर्सेनलच्याच चाहत्यांनी सामन्यानंतर स्टेडियमबाहेर कॅमेरा लावून एकमेकांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून एएफटीव्ही ही यूट्यूब वाहिनी उभी राहिली. तोवर माध्यमं तिकडं आणि चाहते इकडं अशी सोपी मांडणी होती. आता चाहताच माध्यम झाला, आणि व्यावसायिक पत्रकारांपेक्षा कडवट झाला. शांतपणे बोलणाऱ्याला प्रेक्षक कमी, शिव्या देणाऱ्याला जास्त.

मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर, सामना चालू असताना, दोन विमानं उडाली. एकाच्या मागं फलक, वेंगर चालते व्हा. दुसऱ्याच्या मागं, वेंगरवर आमचा विश्वास. दोन्ही विमानांचं भाडं आर्सेनलच्याच चाहत्यांनी भरलेलं. पुढच्या वर्षी बावीस वर्षांची कारकीर्द संपवून वेंगर गेले. इथल्या मुलांनी ती सगळी भांडणं मोबाइलवर जगली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, मध्यरात्रीचे चॅम्पियन्स लीगचे सामने गोधडीत पाहता येऊ लागले. औंढ्याच्या किंवा गेवराईच्या पोरालाही लंडनच्या पंडिताला तिथल्या तिथं उत्तर देता येऊ लागलं. उत्तर मराठीत, कधी दखनीत: “मामू, तू मॅच पाहिलीस का? मग कामून बोलायलास?”

हे सगळं परक्या संघांचं झालं. स्वतःच्या देशाच्या संघाबाबत हीच माणसं कशी वागतात, हे २०१८ पासून पाहण्यासारखं आहे. त्याच्या आदल्या वर्षी सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला होता, नवी मुंबईत सामने होते, आणि १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारनं महाराष्ट्रभर शाळांतल्या दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. जिल्हा परिषदेच्या मैदानांवर नवे चेंडू आले. मग १ जून २०१८ ला अंधेरीत भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीचे तीन गोल, आणि प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं चित्रफीत काढून हात जोडले: आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना, छेत्रीचा शंभरावा, खच्चून भरला. देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. मराठवाड्यातल्या फुटबॉलवेड्याला आपल्या संघाचा सामना डोळ्यांनी पाहणं पहिल्यांदाच आवाक्यातलं वाटू लागलं. आणि टीका करायची मुभा खुद्द कर्णधारानं दिली होती. ती परवानगी चाहत्यांनी मनापासून वापरली.

पहिला मान भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा. मार्च २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत १७३ व्या क्रमांकावर असलेला संघ त्यांनी जुलै २०१७ मध्ये ९६ वर आणला. तरी खेळ कंटाळवाणा, लांब चेंडू मारून पळायचा, अशी टीका जाणकार सतत करत होते. चाहते आकडा दाखवून त्यांची बाजू घ्यायचे. जानेवारी २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ हरवल्यावर हे चाहते टीकाकारांची खिल्ली उडवत होते. आठ दिवसांनी बहरीननं अगदी शेवटी पेनल्टीवर हरवलं, संघ बाहेर, आणि कॉन्स्टंटाइननी त्याच रात्री राजीनामा दिला.

त्यांच्यानंतर क्रोएशियाचे इगॉर स्टिमॅच पाच वर्षं राहिले. चाहत्यांचं मन किती वेगानं पालटतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात भारतानं आंतरखंडीय चषक आणि दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक जिंकला. सॅफ स्पर्धेत पाकिस्तान आणि कुवेत, दोन्ही सामन्यांत स्टिमॅच यांना लाल कार्ड मिळालं. क्रीडापानांवर शिस्तीचे डोस. चाहते मात्र खूश, आपल्या पोरांसाठी भांडणारा प्रशिक्षक मिळाला म्हणून. त्या सप्टेंबरमध्ये एका इंग्रजी दैनिकानं बातमी दिली की संघनिवडीआधी त्यांनी ज्योतिष्याचा सल्ला घेतला होता. आपल्याकडं पंचांग पाहिल्याशिवाय बोअर घेत नाहीत, त्यामुळं धक्का बसण्याऐवजी हसू जास्त आलं. पण बचावही झाला: ज्या सामन्यांबद्दल बातमी होती, ते २०२२ चे आशिया चषक पात्रतेचे तिन्ही सामने भारत जिंकलाच होता की! निकाल लागेपर्यंत चाहत्याला पद्धत चालते, हे लातूरच्या क्लासवाल्यांनाही ठाऊक आहे.

जानेवारी २०२४ मध्ये निकाल थांबले. आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया, तीन पराभव आणि एकही गोल नाही. २६ मार्चला गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, अफगाणिस्ताननं २-१ हरवलं आणि मैदानातच स्टिमॅच हटावच्या घोषणा सुरू झाल्या. वर्षभरापूर्वी पत्रकारांना दुरुस्त करणारे चाहते आता पत्रकार फार मवाळ लिहितात म्हणून चिडले होते. जूनमध्ये छेत्री निवृत्त झाला. ११ जूनला कतारविरुद्ध रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवर गोल दिला गेला आणि विश्वचषक पात्रतेची वाट बंद झाली. त्या गोलावर सगळ्यांचा संताप एक होता, चाहते, पत्रकार, प्रशिक्षक, एकशे पाचच्या एकशे पाच. सहा दिवसांनी स्टिमॅच यांना काढलं.

मानोलो मार्केझ एका वर्षात आले आणि गेले. १ ऑगस्ट २०२५ ला महासंघानं खालिद जमील यांची नेमणूक केली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला, मुंबई एफसी सांभाळलेला, आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग ही देशातली क्लबांची स्पर्धा जिंकून देऊन सगळ्यांना चकित केलेला माणूस. कूपरेजच्या बाकावर बसलेला प्रशिक्षक म्हणजे आपलाच, असं महाराष्ट्रातल्या चाहत्यांना वाटलं तर नवल नाही. सप्टेंबरमध्ये त्यांच्या संघानं ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला तेव्हा उत्साहाला भरतं आलं. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरनं २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचा दरवाजा बंद झाला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनं १-० हरवलं.

बचावात्मक, भित्रा, जुन्या वळणाचा, अशी विशेषणं लगेच छापून आली. ह्या वेळी चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, परदेशी माणसाला पाच वर्षं दिली, आपल्याला पाच महिनेही नाहीत का? दुसरा म्हणतो, सामना मीही पाहिलाय, आणि पेपरात आलंय त्यात खोटं काही नाही. ह्यातला दुसरा आवाज नवा आहे, आणि मला तो जास्त भरवशाचा वाटतो. आमखासवर संध्याकाळी पोरांना खेळवणारे जे मोजके लोक आहेत, ते बहुतेक ह्या दुसऱ्या बाजूला असतात, कारण सामना कसा हरतात हे त्यांनी कडेला उभं राहून बघितलेलं असतं. पहिल्या बाजूचे अजून संख्येनं जास्त आहेत, आणि पुढच्या सामन्यापर्यंत तेच मोठ्यानं बोलणार.